अनुभव नाही, मग सुरुवात कुठून?



मी बंगळुरूला एका सॉकमध्ये काम करतो. सॉक म्हणजे सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटर. ग्राहक कंपन्यांचे सर्व्हर, लॅपटॉप, ईमेल यांच्यावर चोवीस तास लक्ष ठेवायची जागा. टीमसाठी नवीन मुलं-मुली निवडायचं कामही माझ्याकडे असतं. त्यामुळे आज मी जे सांगणार आहे ते मुलाखतीच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूनं आहे, असं समजा.

प्रश्न तुम्हाला माहीतच आहे. जाहिरातीत वर लिहिलेलं असतं 'एंट्री लेव्हल' आणि दोन ओळी खाली 'किमान दोन वर्षांचा अनुभव'. नोकरी नाही म्हणून अनुभव नाही आणि अनुभव नाही म्हणून नोकरी नाही. इंदूरहून फोन येवो, बडोद्याहून येवो की नांदेडहून, गाडी इथंच अडलेली असते. आणि बरोबर याच ठिकाणी दोन प्रकारचे लोक उभे असतात. एक जण 'शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणून लाख-दीड लाखाचा कोर्स विकतो. दुसरा अनुभवाचं पत्रच विकतो. घरातली शिल्लक या टप्प्यावर जाते, म्हणून हा विषय घेतला.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कंपनी दोन वर्षं मागते, पण तिला खरं तर एवढंच कळायला हवं असतं की रात्री अडीच वाजता स्क्रीनवर अलर्ट आला तर हा माणूस काय करेल. त्याचा काहीतरी पुरावा तिला हवा असतो. आणि तो पुरावा नोकरी नसतानाही तयार करता येतो. कसा, ते पाहू.

त्याआधी काम कुठं आहे ते बघा. बहुतेकांच्या डोक्यात सायबर सुरक्षा म्हणजे काळा हुडी घातलेला हॅकर. भारतात जास्त नोकऱ्या तिथं नाहीत. जून २०१६ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट आणली, त्यात सॉक उभारायला सांगितलं. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इननं निर्देश काढले. ठरावीक प्रकारची घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस जपून ठेवायचे. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. ऑगस्ट २०२४ मध्ये सेबीनं शेअर बाजाराशी संबंधित संस्थांसाठी स्वतंत्र चौकट जाहीर केली. आता विचार करा, सहा तासांत कळवायचं तर कुणीतरी रात्री जागं हवं. लॉग जपायचे तर ते गोळा करणारं आणि वाचणारं कुणीतरी हवं. नियम पाळतोय हे दाखवायचं तर कागदपत्रं, ऑडिट, पुरवठादारांची तपासणी हे सगळं करणारं माणूस हवं.

म्हणून नवख्यासाठी दारं तीन. पहिलं, सॉकमधला एल-वन ॲनॅलिस्ट. दुसरं, ऑडिट आणि नियमपालन, ज्याला इंडस्ट्रीत जीआरसी म्हणतात. वाणिज्य किंवा कायदा शिकलेल्यांनी याचा जरूर विचार करावा. तिसरं, व्हल्नरेबिलिटी ॲसेसमेंट, म्हणजे परवानगी घेऊन वेबसाइट आणि नेटवर्कमधल्या त्रुटी शोधणं. सर्ट-इनच्या पॅनेलवर असलेल्या ऑडिट कंपन्यांची यादी सर्ट-इनच्याच साइटवर मिळते. त्यात मोठ्या नावांच्या पलीकडे लहान कंपन्याही आहेत. नोकरीच्या पोर्टलवर दोनशे अर्ज टाकण्याआधी ती यादी उघडून बसा.

आज मी मुख्यतः पहिल्या दाराबद्दल बोलतो, कारण सर्वांत जास्त नवी मुलं तिथून आत येतात.

एल-वनचं काम काय? सिम नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये शेकडो यंत्रांचे लॉग येऊन पडतात. नियमात बसणारं काही दिसलं की अलर्ट. तुम्ही तो उघडायचा, आणि ठरावीक मिनिटांत सांगायचं की हा खोटा इशारा आहे, की खरा आहे आणि वरच्याकडे पाठवायला हवा. बहुतेक अलर्ट खोटे निघतात. कंटाळा येतो. आणि त्या कंटाळ्यातच खरा एक येतो.

शिफ्ट का असतात, हे पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं उदाहरण आठवलं की कळतं. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे काढले गेले. १३ तारखेला स्विफ्टमार्फत हाँगकाँगला आणखी रक्कम गेली. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये. वार बघा, शनिवार. चोर सुट्टीचा दिवस निवडतो. त्यामुळे आम्ही नवीन माणसाला पहिल्यांदा विचारतो ते रात्रपाळीबद्दल. तब्येतीमुळे किंवा घरच्या अडचणीमुळे जमणार नसेल तर आधीच स्पष्ट सांगा आणि जीआरसीकडे वळा. त्यात कमीपणा काही नाही.

आता तयारी. पाया तीन गोष्टींचा.

एक, नेटवर्क. आयपी, पोर्ट, डीएनएस, टीसीपीचं हस्तांदोलन. वायरशार्क मोफत आहे. तो चालू करा, एखादी साइट उघडा, आणि ती उघडताना कोणकोणती पाकिटं गेली-आली ते स्वतःच्या शब्दांत लिहा. 'ब्राउझरमध्ये पत्ता टाकल्यावर काय होतं?' हा प्रश्न मी प्रत्येक मुलाखतीत विचारतो. पाठ करून आलेला दुसऱ्या उपप्रश्नाला थांबतो. वायरशार्कमध्ये पाहून आलेला बोलत राहतो.

दोन, ऑपरेटिंग सिस्टिम. विंडोज आणि लिनक्स दोन्ही. लिनक्ससाठी 'ओव्हर द वायर'चा 'बँडिट' हा खेळ मोफत आहे. एकेक पायरी चढत कमांड लाइन हाताला बसते.

तीन, लिहिणं. याच्याकडे कुणी लक्ष देत नाही आणि निवड होते ती बऱ्याचदा इथंच. यावर मी पुन्हा येतो.

आता पुरावा कसा तयार करायचा, ते एका उदाहरणानं दाखवतो. तुमच्याकडे ८ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे असं धरा. १६ असेल तर सोय जास्त. व्हर्च्युअलबॉक्स घाला, तो मोफत आहे. त्यात दोन यंत्रं करा, एक विंडोजची चाचणी आवृत्ती, दुसरं काली लिनक्स. दोन्ही होस्ट-ओन्ली नेटवर्कवर ठेवा, म्हणजे घरातल्या बाकीच्या वायफायला त्रास नाही. विंडोजमध्ये एक खातं तयार करा, त्याला ॲडमिनचे अधिकार आणि मुद्दाम सोपा पासवर्ड द्या. फाइल शेअरिंग चालू करा. मग कालीवरून त्या खात्यावर दहा-बारा चुकीचे पासवर्ड टाका आणि शेवटी बरोबर टाका. आत गेल्यावर एक नवीन खातं तयार करा.

आता हल्लेखोराची खुर्ची सोडा आणि पहारेकऱ्याच्या खुर्चीत बसा. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर उघडा, सिक्युरिटी लॉग. चुकलेला प्रवेश म्हणजे ४६२५. यशस्वी प्रवेश म्हणजे ४६२४. नवीन खातं म्हणजे ४७२०. लॉगच कुणी पुसला तर ११०२. तुम्हाला ४६२५ दिसतच नसेल तर ऑडिट पॉलिसीत लॉगऑनच्या 'फेल्युअर'ची नोंद चालू करा. हे शोधायला तुम्हाला अर्धा तास लागेल. लागू द्या, तो अर्धा तास म्हणजे अनुभवच आहे.

नोंद उघडली की आत बघा. लॉगऑनचा प्रकार २ म्हणजे कीबोर्डसमोर बसून, ३ म्हणजे नेटवर्कवरून, १० म्हणजे रिमोट डेस्कटॉप. नोंदीत एक 'सब स्टेटस' असतो. त्याच्या शेवटी '६ए' असेल तर खातं बरोबर आणि पासवर्ड चुकलेला. शेवटी '६४' असेल तर त्या नावाचं खातंच नाही. फरक किती मोठा आहे पाहा. पहिल्यात समोरच्याला तुमच्या माणसांची नावं माहीत आहेत. दुसऱ्यात तो अंदाजानं दगड मारतोय.

आणि आता लिहा. एक पान, जास्त नको. अशा पद्धतीनं:

'रात्री १०:०५ ते १०:०७ या वेळेत टेस्ट-पीसी या यंत्रावर राहुल या खात्यासाठी १२ वेळा चुकीचा पासवर्ड आला, ४६२५, लॉगऑन प्रकार ३. स्रोत १९२.१६८.५६.१०१. १०:०८ ला त्याच स्रोतावरून त्याच खात्यात यशस्वी प्रवेश, ४६२४. १०:११ ला नवीन खातं तयार झालं, ४७२०. पासवर्ड ओळखून घुसखोरी झाल्याची शक्यता जास्त. सुचवलेली कृती: दोन्ही खाती बंद करावीत, यंत्र नेटवर्कपासून वेगळं करावं. अजून तपासायचं आहे: याच स्रोतावरून दुसऱ्या यंत्रांवर प्रयत्न झाले का.'

बस. हे एल-वनचं काम आहे. काय घडलं, कशावरून म्हणतो, पुढं काय करावं आणि अजून काय तपासलेलं नाही. चौथी गोष्ट लिहिणारा उमेदवार क्वचित भेटतो. तो भेटला की मी खुर्चीत सावरून बसतो, कारण वरच्या माणसाला झोपेतून उठवल्यावर त्याला सगळ्यात आधी तेच हवं असतं.

असाच दुसरा सराव ईमेलचा. तुमच्या जीमेलमध्ये लॉटरी, केवायसी, वीजबिल अशी फसवी मेल येतच असणार. लिंकवर बोट ठेवू नका. 'शो ओरिजिनल' उघडा. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क पास झाले की नाही ते बघा. 'फ्रॉम' आणि 'रिप्लाय-टू' वेगळे आहेत का ते बघा. आणि लक्षात घ्या, तिन्ही पास झाले म्हणजे मेल चांगली असं नाही. चोरानं स्वतःचं डोमेन विकत घेऊन सगळं नीट बसवलेलं असू शकतं. यावरही एकेक पान लिहा. आठवड्याला दोन पानं लिहिली तर तीन महिन्यांत पंचवीसच्या आसपास होतील. ती गिटहबवर ठेवा, स्वतःचे पत्ते आणि नावं झाकून. रेझ्युमेत 'प्रोजेक्ट्स' खाली त्याची लिंक द्या. माझ्यासमोर पन्नास रेझ्युमे असतात आणि पंचेचाळिसांवर लिहिलेलं असतं, 'सायबर सुरक्षेची प्रचंड आवड'. पंचवीस पानांची लिंक असलेला एखादाच असतो.

इथं मराठी माध्यमातून शिकलेल्यांसाठी थोडं. ऑफिसात हे सगळं इंग्रजीतच लिहावं लागतं, आणि अनेक हुशार मुलं याच धास्तीनं अर्ज करत नाहीत. पण मी आत्ता जी नोंद वाचली तिच्यात अलंकार किती होते? एकही नाही. लहान वाक्यं, भूतकाळ, वेळ, यंत्र, कृती. असलं इंग्रजी तीन महिन्यांच्या सरावानं येतं. आधी मराठीत विचार नीट मांडा, मग ते इंग्रजीत आणा. पंचवीस पानांचा हाही एक फायदा.

वेबसाइटच्या त्रुटी शोधण्याची आवड असलेल्यांसाठी पोर्टस्विगरची वेब सिक्युरिटी ॲकॅडमी पूर्ण मोफत आहे. ओवॅस्पचं ज्यूस शॉप हे मुद्दाम भोकं ठेवलेलं दुकान स्वतःच्या लॅपटॉपवर चालवता येतं. पण इथं थांबून नीट ऐका. सराव तिथंच करायचा. गावातल्या पतसंस्थेची साइट, कॉलेजचं पोर्टल, शेजाऱ्याचं वायफाय यांना परवानगीशिवाय हात लावायचा नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ४३ विनापरवानगी प्रवेशालाच लागू होतं, नुकसानभरपाई त्यातून येऊ शकते. तेच अप्रामाणिक किंवा फसवणुकीच्या हेतूनं केलं तर कलम ६६, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 'मी तर मदत करत होतो' हे पोलीस ठाण्यात पटवत बसावं लागतं. ज्या कंपन्या बग बाउंटी चालवतात त्या काय तपासायचं आणि काय नाही हे लिहून देतात. ते शब्दशः वाचा. सहज वापरताना कुठं त्रुटी दिसलीच, तर सर्ट-इनला कळवायची सोय आहे.

आता पैशांकडे येऊ. सर्टिफिकेट घ्यावं का? एक घ्यावं, पाया झाल्यावर. कॉम्पटियाचं सिक्युरिटी प्लस नवख्यासाठी ठीक आहे. सीईएच भारतातल्या जाहिरातींत बरंच मागतात, पण खर्च आधी बघा. ओएससीपीची परीक्षा प्रत्यक्ष हल्ला करून दाखवायची असते, जवळजवळ चोवीस तास चालते. ती पहिली पायरी नव्हे. आणि सीआयएसएसपीच्या नावानं नवख्यांना कोर्स विकणाऱ्यांपासून जपा. त्याला साधारण पाच वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. परीक्षा पास झालात तरी तोवर पूर्ण पदवी मिळत नाही, फक्त 'असोसिएट' म्हणवून घेता येतं. वर्गात बसूनच शिकायचं असेल तर सी-डॅकचा पीजी-डिटिस हा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे, प्रवेश सी-कॅट परीक्षेतून. खासगी क्लासला पैसे भरायच्या आधी तीन गोष्टी विचारा. मागच्या बॅचमधल्या कुणाशी तुम्ही निवडाल त्याच्याशी बोलता येईल का? 'प्लेसमेंट' म्हणजे नोकरी की फक्त मुलाखत, हे लेखी द्याल का? पैसे परत करण्याची अट काय? उत्तरं द्यायला टाळाटाळ झाली की उठून या.

आणि अनुभवाचं विकत घेतलेलं पत्र. हे मी सौम्यपणे सांगणार नाही. भरतीनंतर पार्श्वभूमीची तपासणी होते. पीएफच्या यूएएनवर कोणत्या कंपनीत किती महिने होतात ते दिसतं. टीडीएसची नोंद २६एएसमध्ये असते. बोगस कंपन्यांच्या याद्या तपासणी करणाऱ्यांकडे फिरत असतात. जॉइन झाल्यावर सहा-आठ महिन्यांनी पकडले गेलेले लोक मी पाहिले आहेत. त्याच दिवशी लॅपटॉप जमा. कर्ज काढून बंगळुरूला खोली घेतलेली असते, घरी सांगायचं काय? शिवाय आमच्या धंद्यात ग्राहक आम्हाला त्याच्या घराच्या किल्ल्या देतो. खोट्या पत्रावर आलेल्या माणसाच्या हाती त्या किल्ल्या कोण देईल? 'अनुभव शून्य, पण हे केलं आहे' असं लिहून आलेल्याला मी घेऊ शकतो. खोटं दोन वर्षं लिहिणाऱ्याला घेऊ शकत नाही.

काही जण म्हणतात, माझं वय तीस, मी हेल्पडेस्कला आहे, आता उशीर झाला. उलट आहे. पासवर्ड रीसेट करून देताना समोरचा खरोखर तोच कर्मचारी आहे का हे तुम्ही पडताळत असाल, तर ते सुरक्षेचंच काम आहे. केबल ओढणाऱ्याला स्विच आणि व्हीलॅन कळतं. बँकेत काउंटरवर बसलेल्याला फसवणूक कशी दिसते हे माझ्यापेक्षा जास्त कळतं. बीपीओत काम केलेल्याला रात्रपाळी आणि वैतागलेला ग्राहक दोन्ही सवयीचे. रेझ्युमेत हे 'इतर अनुभव' म्हणून शेवटी ढकलू नका. सुरक्षेशी त्याचा जो धागा आहे तो पहिल्या ओळीत लिहा. आणि आहे त्या कंपनीत सुरक्षा टीम असेल तर त्यांना जाऊन भेटा. बाहेरून शिरण्यापेक्षा आतल्या आत बदली मिळवणं पुष्कळदा सोपं जातं.

ओळखी नाहीत, हीही तक्रार असते. 'नल' नावाचा खुला सुरक्षा-समुदाय आहे, अनेक शहरांत त्यांच्या मोफत बैठका होतात. जाऊन मागच्या रांगेत बसा. तिसऱ्या बैठकीला तुमच्या पंचवीस पानांतल्या एका पानावर दहा मिनिटं बोला. नोकरी मागू नका, काम दाखवा. ऐकणाऱ्यांत माझ्यासारखे चार जण बसलेले असतात.

शेवटी मुलाखत. 'माहीत नाही' म्हणायला घाबरू नका, पण तिथं थांबू नका. 'माहीत नाही, पण मी आधी अमुक लॉग बघेन, मग तमुक विचारेन' असं म्हणा. आम्ही उत्तरापेक्षा वाट शोधण्याची पद्धत तपासत असतो. पहिला पगार फार नसेल, हेही धरून चला. अनेक जण दीड-दोन वर्षांत एल-टूला जातात, जे रात्री जागून नुसते अलर्ट बंद करत नाहीत आणि प्रत्येक अलर्टमागचं कारण लिहून ठेवतात ते.

तेव्हा या शनिवार-रविवारी एवढंच करा. व्हर्च्युअलबॉक्स घाला, एक ४६२५ स्वतः घडवून आणा आणि त्यावर एक पान लिहा. ते पहिलं पान वाईटच होईल. पाचवं बरं होईल. पंचविसावं घेऊन या, आपण बोलू.